एपिस्कोपल चर्चच्या व्हेस्ट्रीसाठी (मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीसाठी) माझं नाव सुचवलंय. हो म्हणावं का?

नगरची_लेक:

सलाम सगळ्यांना.

मी मूळची अहमदनगरची (आता अहिल्यानगर). माहेर-सासर दोन्ही चर्च ऑफ नॉर्थ इंडियातलं. न्यू जर्सीत येऊन बरीच वर्षं झाली. सुरुवातीला मराठी कुटुंबांच्या घरगुती प्रार्थनासभेला लांब गाडी चालवत जायचो. मुलं मोठी व्हायला लागली तसं घराजवळचं चर्च हवंसं वाटलं, आणि चालत जाण्याच्या अंतरावर एपिस्कोपल, म्हणजे इथलं अँग्लिकन पंथाचं, चर्च निघालं. उपासनेचा क्रम ओळखीचा होता, तिथेच रुळलो. रविवारी साठेक माणसं असतात, त्यातली निम्मी सत्तरी ओलांडलेली.

परवा उपासनेनंतर कॉफीच्या वेळी रेक्टरबाईंनी, म्हणजे मुख्य पाळकबाईंनी, मला बाजूला घेऊन विचारलं: जानेवारीच्या वार्षिक सभेत व्हेस्ट्रीच्या काही जागा रिकाम्या होतायत, तू उभी राहशील का? मुदत तीन वर्षांची. मी प्रार्थना करून सांगते म्हटलं.

आता अडचणी सांगते. मी नर्स आहे, एक आड एक वीकेंड ड्यूटी असते. हिशेबातलं मला काही कळत नाही. इंग्रजी कामापुरतं उत्तम आहे, पण भर सभेत मुद्दा मांडायचा म्हटलं की शब्द मागे राहतात. आणि आमच्या यजमानांचा स्पष्ट विरोध आहे. त्यांचे वडील गावाकडे मंडळीच्या कमिटीवर होते. जागेवरून वाद झाला, प्रकरण कोर्टात गेलं, आणि ज्यांच्या घरी आमची मुलं खेळायची त्यांनी सलाम करणंही सोडलं. त्यामुळे 'कमिटी' शब्द उच्चारला की ते उठून जातात.

मला स्वतःला शास्त्रपाठ वाचायला किंवा वेदीच्या तयारीत मदत करायला आवडेल. पण बाईंनी विश्वासानं विचारलंय, तर नाही म्हणणंही जड जातंय. आणखी एक शंका मनात आहे: आमचं एकच भारतीय कुटुंब. फोटोत दिसावं म्हणून तर विचारलं नसेल? इथे कुणी हे काम केलं असेल तर मोकळेपणानं सांगा.

ओहायोचा_दादा:

ताई, सलाम. घाई करू नका. वाचक म्हणून नाव द्या, त्याला बिशपांच्या परवान्याची गरज नसते. एखादं वर्ष माणसं कशी आहेत बघा, मग ठरवा. घरात विरोध असताना तीन वर्षांचा शब्द देणं मला बरोबर वाटत नाही.

पंचहौदची_मावशी:

ताई, सलाम. मी पुण्याची, गुरुवार पेठेतल्या पंचहौद चर्चमध्ये वाढले, आता कनेक्टिकटला असते. इथल्या एका लहान मंडळीत व्हेस्ट्रीची पूर्ण मुदत केली, त्यातला बराच काळ ज्युनियर वॉर्डन, म्हणजे इमारतीचं बघणारी, होते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तुमच्या यजमानांच्या भीतीविषयी, कारण ती खरी आहे. आपल्याकडे काय काय झालं हे मीही पाहिलंय. पण इथे मिळकतीचा नियम पक्का आहे. 1979 मध्ये एपिस्कोपल चर्चच्या जनरल कन्व्हेन्शननं, म्हणजे सर्वोच्च सभेनं, कॅनन (चर्चचा कायदा) केला, की मंडळीची सगळी मिळकत ही डायसिस (बिशपांच्या हाताखालचा विभाग) आणि संपूर्ण चर्चसाठी विश्वस्त म्हणून धरलेली आहे. चर्चची इमारत विकायची किंवा गहाण टाकायची तर बिशप आणि डायसिसची स्टँडिंग कमिटी, दोघांची संमती लागते. चार सभासदांनी एका बैठकीत ठराव करून जागा बिल्डरला द्यायची सोय नाही. भांडणं होतात, नाही असं नाही. सकाळची आठची उपासना बंद करावी का, नर्सरी शाळेचं भाडं वाढवावं का, यावरून लोक चिडतात. पण ती भांडणं त्या आकाराची असतात.

आता व्हेस्ट्री म्हणजे काय. आपल्या पास्टरेट कमिटीशी, म्हणजे गावाकडच्या मंडळीच्या कमिटीशी, साम्य आहे, पण सीमारेषा इथे जास्त स्पष्ट आखलेली आहे. उपासना कशी करायची, कोणती गीतं, उपदेश कोण करणार, इमारत उपासनेसाठी कशी वापरायची, हे सगळं रेक्टरच्या हातात. पैसा, इमारतीची देखभाल, नोकरांचे पगार, रेक्टरला बोलावणं आणि त्यांचं मानधन ठरवणं, हे व्हेस्ट्रीचं. कॅननच्या भाषेत व्हेस्ट्री ही मिळकतीच्या आणि पाळकांशी असलेल्या संबंधांच्या बाबतीत मंडळीची कायदेशीर प्रतिनिधी असते. ही रेषा ज्यांना माहीत नसते ते सदस्य तिथे गीतांच्या निवडीवर अर्धा तास घालवतात आणि छताच्या गळतीचा विषय पुढच्या महिन्यावर जातो. तुम्ही पहिल्या दिवसापासून रेषा ओळखून बसलात तर हिशेब न येणारी बाईसुद्धा तिथे मोठं काम करू शकते.

हिशेबाचं सांगायचं तर, दर महिन्याला खजिनदार एक कागद देतात. त्यावर बघायच्या गोष्टी थोड्याच असतात. वर्षाच्या सुरुवातीला लोकांनी जेवढी वर्गणी लिहून दिली त्यातली आजवर किती आली. थैलीत सुटे पैसे किती पडले. आणि साठवलेल्या निधीतून, म्हणजे एन्डाउमेंटमधून, किती काढले. साधारणपणे मंडळ्या त्या निधीतून वर्षाला चार-पाच टक्के काढतात. तो आकडा दरवर्षी चढत असेल तर हात वर करून कारण विचारायचं. खर्चाच्या बाजूला पाळकांच्या पेन्शनची ओळ दिसेल, त्यांच्या मानधनाच्या 18 टक्के. ती चर्च पेन्शन फंडात जाते आणि ती थकवता येत नाही. एवढं कळलं की पुष्कळ झालं. तुम्ही रोज औषधांचे डोस मोजता, तुम्हाला हे जड नाही.

माझ्याकडे ज्युनियर वॉर्डन म्हणून इमारत होती. एक प्रसंग सांगते म्हणजे हे काम कशाला म्हणतात ते समजेल. जानेवारीतला शनिवार, संध्याकाळची वेळ. वेदीची तयारी करणाऱ्या आजींचा फोन आला की रेडिएटर थंड पडलेत. मी गेले. तळघरात तेलाचा जुना बॉयलर, बाजूला लाल रिसेट बटण. आदल्या ज्युनियर वॉर्डननं मला बजावलं होतं: हे बटण एकदाच दाबायचं, पेटला नाही तर परत परत दाबायचं नाही, आत तेल साचतं आणि मग पेटताना धोका असतो. एकदा दाबलं, पेटला नाही. तंत्रज्ञाला फोन केला, तो रात्री यायला तयार झाला. तोवर मी वर हॉलमध्ये आले तर दारू सोडलेल्यांच्या गटाची बैठक भरायची वेळ झाली होती. तो गट कित्येक वर्षं आमच्या हॉलमध्ये भरतो, रविवारी त्यातला एकही माणूस उपासनेला येत नाही. कॉफी करणारा त्यांचा माणूस अंगात कोट घालूनच मोठ्या थर्मासमध्ये पाणी ओतत होता. मी म्हटलं, आज थंडी आहे, रद्द करता का? तो म्हणाला, "आज शनिवार आहे, आज तर करायलाच हवी." मी बायबल-अभ्यासाच्या खोलीतला विजेचा हीटर आणून दिला. बॉयलर रात्री उशिरा सुरू झाला.

मी ज्या चर्चची सभासद आहे त्याची किल्ली कुणाकुणाकडे असते आणि कोण कोण त्या छताखाली येऊन तगतं, हे मला व्हेस्ट्रीवर गेल्यावर कळलं. नुसती बाकावर बसून कळलं नसतं. म्हणून माझं मत: घ्या ही जबाबदारी. पण मान म्हणून घेऊ नका, आणि कागद बघितल्याशिवाय घेऊ नका.

कागद कोणते? मंडळीची नियमावली, म्हणजे बायलॉज. गेल्या वर्षाचा जमाखर्च आणि शेवटचं ऑडिट. आणि पॅरोकियल रिपोर्ट, म्हणजे मंडळीचा वार्षिक अहवाल, जो प्रत्येक मंडळी दरवर्षी 1 मार्चपर्यंत पाठवते. त्यातली हजेरीची आणि वर्गणीची आकडेवारी एपिस्कोपल चर्चच्या संकेतस्थळावर मंडळीच्या नावानं आलेखात बघायला मिळते. तो आलेख यजमानांना दाखवा. उतरता असला तरी घाबरू नका, बहुतेक ठिकाणी उतरताच आहे. व्हेस्ट्री त्याबद्दल उघड बोलते की नाही, हे विचारून घ्या.

ड्यूटीचं मनावर घेऊ नका. व्हेस्ट्रीवर कोण बसू शकतं हे राज्याचा कायदा, डायसिसचे कॅनन आणि तुमची नियमावली मिळून ठरतं, पण बहुतेक ठिकाणी प्रौढ कम्युनिकंट असणं लागतं. म्हणजे सोळा वर्षं पूर्ण आणि मागच्या वर्षात किमान तीनदा प्रभुभोजन घेतलेलं. उपासनेला नियमित असावं असं कॅनन म्हणतो, पण योग्य कारणानं अडकलेल्यांना त्यात स्पष्ट सूट आहे. आजाऱ्यांची सेवा याहून योग्य कारण कोणतं? फक्त एक करा: नगरच्या मंडळीतून सभासदत्वाचा दाखला मागवून घ्या आणि इथल्या रजिस्टरमध्ये नोंद झालीय का ते बघा. पुष्कळ जण वर्षानुवर्षं येतात, वर्गणी देतात, आणि नोंदच नसते. आपली चर्च ऑफ नॉर्थ इंडियाही एपिस्कोपल चर्चसारखीच अँग्लिकन कम्युनियनमध्ये, म्हणजे अँग्लिकन चर्चांच्या जागतिक परिवारात, आहे, त्यामुळे दाखला चालायला अडचण नाही.

उरली फोटोची शंका. ती मनात ठेवून कुढू नका, बाईंना थेट विचारा: "माझ्याकडून नेमकं कोणतं काम हवंय?" उत्तर नेमकं आलं तर समजा त्यांनी तुमच्याकडे बघून विचारलंय. "नवे चेहरे हवेत" एवढंच आलं, तर त्यांना म्हणा की मला आधी दुसरं काम द्या. आणि ते दुसरं काम कोणतं हेही मी सुचवते. युकॅरिस्टिक व्हिजिटर. रविवारी वेदीवर पवित्र केलेली भाकर आणि द्राक्षारस एका छोट्या पेटीतून घेऊन, उपासना संपल्या संपल्या अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी किंवा वृद्धाश्रमात जायचं. याला बिशपांचा परवाना लागतो, थोडं प्रशिक्षण असतं. रुग्णाच्या खाटेजवळ कुठे उभं राहायचं, गिळायला त्रास होतो का हे कसं ओळखायचं, भाकरीचा केवढा तुकडा द्यायचा, हे नर्सला शिकवावं लागत नाही. सत्तरीपुढची माणसं जिथे निम्मी आहेत तिथे ही गरज किती असेल, विचार करा.

पण दोन्ही एकदम घेऊ नका. लहान मंडळीत एकदा हो म्हणणाऱ्याकडे सगळी कामं येतात. मुदत संपली की बाजूला व्हायचं, हेही आधीच मनाशी पक्कं करा. बऱ्याच नियमावलींत पूर्ण मुदतीनंतर किमान एक वर्ष सुटी सक्तीची असते, आणि ती मला फार शहाणपणाची वाटते.

नगरची_लेक:

मावशी, तुमचं लिहिलेलं यजमानांना मोठ्यानं वाचून दाखवलं. मिळकतीचा नियम ऐकून ते गप्प बसले, आणि मग त्यांनीच विचारलं की मग व्हेस्ट्री रेक्टरला काढू शकते का. मलाही उत्तर येईना. आणखी एक: बाई दीड-दोन वर्षांत निवृत्त होणार अशी कुणकुण आहे. म्हणजे नवा रेक्टर शोधायचं काम माझ्याच मुदतीत येणार?

पंचहौदची_मावशी:

यजमानांनी नेमका प्रश्न विचारला. नाही, व्हेस्ट्री एकतर्फी काढू शकत नाही, आणि रेक्टरही व्हेस्ट्रीच्या संमतीशिवाय राजीनामा देऊन जाऊ शकत नाही. न जमलं तर प्रकरण बिशपांकडे जातं, तिथे समेटाचा प्रयत्न होतो, शेवटचा निर्णय त्यांचा. 'प्रीस्ट इन चार्ज' म्हणून मुदतीच्या करारावर नेमलेल्या पाळकांची गोष्ट वेगळी असते, बाईंची नेमणूक कोणती आहे ते बघा.

रेक्टर निवृत्त होणार असतील तर ते काम तुमच्याच मुदतीत येईल, आणि तेच सगळ्यात मोलाचं आहे. बिशपांच्या कार्यालयातली संक्रमण बघणारी व्यक्ती मार्ग दाखवते, शोध समिती मंडळीची माहिती लिहून काढते, उमेदवारांशी बोलते, पण निवड व्हेस्ट्री करते. त्याआधी बिशपांना नाव कळवावं लागतं. आमच्या वेळी शोध समितीनं सभासदांना एक प्रश्न विचारला होता, या चर्चला कुलूप लागलं तर गावात कुणाचं काय अडेल? उत्तरं वाचताना पुष्कळांचे डोळे भरून आले, आणि काही उत्तरं कोरीही होती. तुमच्यासारखी, बाहेरून येऊन इथे रुजलेली बाई त्या टेबलाशी असेल तर नव्या येणाऱ्या कुटुंबांच्या बाजूनं कुणीतरी बोलेल.

आणि भर सभेत बोलण्याचं. बैठकीचा विषय आधी पाठवतात. तुमचा मुद्दा मराठीत कागदावर लिहा, मग इंग्रजीत दोन वाक्यांत. त्यापुढे बोलायची गरज क्वचितच पडते. बोललेलं इतिवृत्तात जाईल एवढं मात्र बघा. जे क्लार्कच्या वहीत येत नाही ते तीन महिन्यांनी कुणाला आठवत नाही.

जुनी_पाखरं:

मी टेक्सासला असतो, मूळचा नाशिकचा. इतिहासाची आवड आहे म्हणून थोडी भर घालतो.

या चर्चमध्ये सामान्य सभासदांना इतका अधिकार का, याचं कारण वसाहतीच्या काळात आहे. क्रांतीपूर्वी अमेरिकेत एकही अँग्लिकन बिशप नव्हता. पाळक कमी, अंतरं मोठी, त्यामुळे व्हर्जिनियासारख्या ठिकाणी व्हेस्ट्रीच चर्च चालवायची, पाळक नेमायची, गरिबांची सोय बघायची. जॉर्ज वॉशिंग्टन स्वतः ट्रुरो पॅरिशच्या व्हेस्ट्रीवर होते. पहिले अमेरिकन बिशप सॅम्युअल सीबरी यांचा अभिषेक 1784 मध्ये स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनला झाला. चर्चची घटना 1789 ची, आणि तिच्यात सुरुवातीपासून सामान्य सभासदांना जागा आहे. आजही जनरल कन्व्हेन्शनच्या हाऊस ऑफ डेप्युटीजमध्ये, म्हणजे प्रतिनिधींच्या सभागृहात, प्रत्येक डायसिस चार पाळक आणि चार सामान्य सभासद पाठवू शकते. तिथे स्त्रियांना मात्र, एखादा अपवाद सोडला तर, 1970 पर्यंत बसू दिलं गेलं नाही. 2022 पासून त्या सभागृहाच्या अध्यक्ष ज्युलिया अयाला हॅरिस आहेत, त्या पाळक नाहीत, सामान्य सभासद आहेत.

आपण नगर-नाशिकची माणसं पाळकसाहेबांना काही विचारायचं म्हटलं तरी दोनदा विचार करतो. इथल्या 1979 च्या प्रार्थनापुस्तकातला प्रश्नोत्तराचा भाग ताईंनी जरूर वाचावा. चर्चचे सेवक कोण, या प्रश्नाच्या उत्तरात तिथे पहिलं नाव सामान्य सभासदांचं आहे, बिशप त्यांच्यानंतर येतात.

पाळक नसतील त्या रविवारी सकाळची प्रार्थना सामान्य सभासद चालवू शकतो. क्षमेचा भाग येतो तेव्हा तो गुडघ्यावरच राहतो आणि इतरांसोबत स्वतःसाठीही क्षमा मागतो. आशीर्वाद देणं आणि भाकर-द्राक्षारस पवित्र करणं पाळकांकडेच राहतं. अभ्यासाची ओढ असेल तर टेनेसीतल्या सवानी विद्यापीठाचा 'एज्युकेशन फॉर मिनिस्ट्री' हा चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे, लहान गटात चालतो, ऑनलाइन गटही असतात.

ओहायोचा_दादा:

मावशींचं वाचून माझं मत थोडं बदललं. मी अकाउंटंट आहे, म्हणून पैशाच्या बाजूनं ताईंना काही सांगतो, कारण व्हेस्ट्रीवर बसलात की सही तुमचीही धरली जाते.

पहिल्याच बैठकीत विचारा: ऑर्गनवादक, सफाई कर्मचारी यांच्या पगारातून कापलेला कर सरकारजमा होतोय ना? तो थकला तर पैशाचे निर्णय घेणाऱ्यांवर वैयक्तिक जबाबदारी येऊ शकते. त्यासोबत व्हेस्ट्री सदस्यांसाठी विमा आहे का हेही विचारा. खजिनदाराचा फिडेलिटी बॉन्ड, म्हणजे पैशाच्या गैरव्यवहाराविरुद्धचा विमा, कॅननप्रमाणे लागतोच.

रविवारचं दान मोजायला दोन माणसं हवीत, एकाच घरातली नकोत. तुमच्याकडे नवरा-बायको मिळून मोजत असतील तर ते बदलायला सांगा. त्यांच्यावर संशय आहे म्हणून नव्हे. उद्या कुणी बोट दाखवलं तर तेच सुरक्षित राहावेत म्हणून. हे असंच शब्दशः म्हणा, कुणी दुखावत नाही.

आणि डिसेंबरची बैठक चुकवू नका. पाळकांच्या घरभत्त्याचा ठराव पुढचं वर्ष सुरू होण्याआधी व्हावा लागतो. तो राहिला तर ठराव होईपर्यंतच्या रकमेवर त्यांना करसवलत मिळत नाही, मागच्या तारखेनं तो करता येत नाही. ड्यूटी असली तर आताच त्या संध्याकाळची रजा टाकून ठेवा, आणि बाईंना होकार कळवताना बैठकींचं वर्षभराचं वेळापत्रक मागून घ्या.